श्राव्य उपकरणांतील जुन्या निर्वात नलिकांची ओळख व जुळणी

श्राव्य उपकरणांतील जुन्या निर्वात नलिकांची ओळख व जुळणी म्हणजे रेडिओ, ध्वनिविवर्धक, रेकॉर्ड प्लेअर, ध्वनिमुद्रण यंत्रे इत्यादींत वापरल्या जाणाऱ्या जुन्या निर्वात नलिकांचा प्रकार, निर्माता, कारखाना व निर्मितिकाळ निश्चित करणे, आणि मोजमापाच्या आधारे परस्परांशी मिळत्याजुळत्या नलिकांच्या जोड्या लावणे होय. निर्वात नलिकेला भारतात ब्रिटिश वळणानुसार ‘व्हॉल्व्ह’ असे म्हणतात. अमेरिकेत ‘ट्यूब’ हा शब्द रूढ आहे.

ट्रान्झिस्टरचा प्रसार झाल्यावर युरोप-अमेरिकेतील बहुतेक कारखान्यांनी नलिकांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवले. तथापि विद्युत गिटारचे विवर्धक आणि हौशी श्रोत्यांचे हाय-फाय संच यांत नलिकांचा वापर सुरूच राहिला. त्यामुळे १९५० ते १९७० या काळातील न वापरलेल्या नलिकांच्या साठ्याला मोठी किंमत आली, आणि किमतीमागोमाग बनावट छापही आले. काचेवर रंगाने छापलेले कंपनीचे नाव हा नलिकेच्या ओळखीचा सर्वांत कमकुवत पुरावा मानला जातो. काचेतील सांकेतिक खुणा, आतील धातूची रचना आणि प्रत्यक्ष मोजमाप हे त्याहून चढत्या क्रमाने विश्वसनीय पुरावे होत.

पार्श्वभूमी

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन विद्युत अग्रांची नलिका, म्हणजे डायोड, तयार केली. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र घातले. तापलेल्या कॅथोडमधून निघणारे इलेक्ट्रॉन ॲनोडकडे जातात. मधल्या ग्रिडवरील लहानशा विद्युत दाबाने हा प्रवाह कमी-अधिक करता येतो. विवर्धनाचे सारे तत्त्व एवढेच आहे. तीन अग्रांच्या नलिकेस ट्रायोड, पाच अग्रांच्या नलिकेस पेंटोड म्हणतात.

कॅथोडवर बेरियम व स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. लेपाची जाडी, ग्रिडच्या तारेचे वेटोळे आणि अग्रांमधील अंतर यांत मिलिमीटरच्या लहानशा अंशाचा फरक पडला तरी नलिकेचे गुणधर्म बदलतात. त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन नलिकाही तंतोतंत सारख्या नसतात. जुळणीची गरज येथून सुरू होते.

नावांची पद्धत

युरोपात १९३४ पासून फिलिप्स कंपनी व तिच्या सहयोगी कंपन्यांनी एक समान नामपद्धती स्वीकारली. तीत पहिले अक्षर हीटरच्या विजेविषयी असते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिॲम्पिअर आणि ‘यू’ म्हणजे १०० मिलिॲम्पिअर. त्यापुढील अक्षरे नलिकेचा प्रकार सांगतात. ‘सी’ लघुसंकेत ट्रायोडसाठी, ‘एफ’ लघुसंकेत पेंटोडसाठी, ‘एल’ शक्ति-पेंटोडसाठी आणि ‘झेड’ पूर्णतरंग एकदिशकारकासाठी वापरतात. अंकांपैकी पहिला अंक पायथ्याचा निदर्शक असतो. ३ हा आठ पिनांच्या ऑक्टल पायथ्याचा, तर ८ हा नऊ पिनांच्या काचेच्या नोव्हल पायथ्याचा अंक आहे. यानुसार ईएल३४ म्हणजे ६.३ व्होल्टच्या हीटरचा ऑक्टल शक्ति-पेंटोड, ईसीसी८३ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड असलेली नोव्हल नलिका आणि जीझेड३४ म्हणजे ५ व्होल्टच्या हीटरचा ऑक्टल एकदिशकारक. अंक अक्षरांच्या मध्ये आल्यास, उदाहरणार्थ ई८८सीसी, ती नलिका औद्योगिक वापरासाठी विशेष दर्जाची म्हणून बनवलेली असते.

अमेरिकी पद्धतीत सुरुवातीचा अंक हीटरचा दाब स्थूलमानाने सांगतो, मधली अक्षरे केवळ नोंदणीच्या क्रमाची असतात आणि शेवटचा अंक उपयुक्त घटकांची संख्या दर्शवतो. १२एएक्स७ मध्ये दोन ॲनोड, दोन ग्रिड, दोन कॅथोड व एक हीटर मिळून सात घटक होतात. नावाच्या शेवटी येणारी अक्षरे क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची असतात. मूळ ६एल६ चा ॲनोड १९ वॅटपर्यंत उष्णता सोसतो, तर ६एल६जीसी चा ३० वॅटपर्यंत. दुसरीसाठी रचलेल्या विवर्धकात पहिली बसवल्यास ती थोड्याच काळात निकामी होऊ शकते.

एकाच नलिकेला अनेक नावे असणे हे या क्षेत्रातील नेहमीचे आहे. ईसीसी८३, १२एएक्स७, ब्रिटिश सैन्याचे सीव्ही४९२ आणि लंडनच्या एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीचे बी७५९ ही एकाच प्रकाराची नावे आहेत. त्याचप्रमाणे ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५ आणि ईएल३४ म्हणजेच ६सीए७. यातील शेवटचे समीकरण मात्र कागदावर जितके चोख दिसते तितके नाही. सिल्व्हानिया कंपनीने ६सीए७ या नावाने विकलेली जाड काचेची नलिका रचनेने पेंटोड नसून बीम टेट्रोड आहे. ती बहुतेक विवर्धकांत ईएल३४ च्या जागी चालते, पण एकाच जोडीत दोन्ही एकत्र वापरू नयेत.

नावांतील साम्य कधी कधी उलट दिशेनेही फसवते. भारतात जुन्या रेडिओंत ‘यू’ मालिकेच्या नलिका पुष्कळ आढळतात, कारण ट्रान्सफॉर्मर न वापरता सर्व हीटर एकसरीत थेट घरगुती विजेवर चालवता येत आणि संच स्वस्त पडे. अशा संचातील यूएल८४ ही ईएल८४ ची ‘यू’ आवृत्ती असावी असे नावावरून वाटते. वस्तुतः ती ईएल८६ ची भावंड आहे. तिच्या हीटरला ४५ व्होल्ट व १०० मिलिॲम्पिअर लागतात. ती ईएल८४ च्या ६.३ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातली तर हीटर जेमतेम कोमट होतो, आवाज येत नाही, आणि चांगली नलिका ‘गेलेली’ समजून फेकली जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चोरबाजारात सुट्या मिळणाऱ्या नलिका घेताना पहिल्या अक्षराकडे लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

काचेवरील सांकेतिक खुणा

फिलिप्स समूहाच्या नलिकांवर काचेच्या खालच्या भागात दोन ओळींचा बारीक, करड्या रंगाचा संकेत असतो. तो छापील नावापेक्षा टिकाऊ असतो व तिरप्या प्रकाशात भिंगाने वाचता येतो. पहिल्या ओळीत प्रकाराचा संकेत व रचनेच्या आवृत्तीचा अंक असतो. ‘एक्सएफ’ हा ईएल३४ चा, तर ‘आरएक्स’ हा ईएल८४ चा संकेत आहे. दुसऱ्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना व आठवडा क्रमाने येतात. ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधील ब्लॅकबर्न, ‘आर’ म्हणजे मिचम, ‘डी’ म्हणजे जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधील हेर्लेन. महिन्यांसाठी ‘ए’ ते ‘एल’ ही बारा अक्षरे वापरली जातात.

समजा एका नलिकेवर ‘एक्सएफ२’ आणि त्याखाली ‘बी३के४’ असे लिहिले आहे. ती ब्लॅकबर्न कारखान्यात नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या आठवड्यात तयार झालेली ईएल३४ होय. वर्षाचा मात्र केवळ शेवटचा अंक दिलेला असतो. ३ म्हणजे १९५३, १९६३ की १९७३, हे दुसऱ्या ओळीवरून कळत नाही. येथे पहिल्या ओळीतील आवृत्तीचा अंक उपयोगी पडतो. ‘एक्सएफ२’ ही आवृत्ती मुख्यतः १९६० च्या दशकातील असल्याने ही नलिका १९६३ ची ठरते. दशक ठरवण्यासाठी नेहमी असा दुसरा पुरावा शोधावा लागतो, आणि विक्रेते नेमके तेथेच जुने दशक सांगण्याकडे झुकतात.

अमेरिकेत निर्मात्यांना उद्योगसंघटनेने तीन अंकी क्रमांक दिले होते. १८८ हा जनरल इलेक्ट्रिकचा, २७४ आरसीएचा, २८० रेथिऑनचा, ३१२ सिल्व्हानियाचा आणि ३२२ टंग-सोलचा क्रमांक. त्यापुढे वर्ष व आठवडा येतो; ‘३२२’ नंतर ‘५८३७’ असल्यास ती टंग-सोलने १९५८ च्या ३७ व्या आठवड्यात तयार केलेली नलिका समजावी. काही कंपन्यांच्या खुणा याहूनही सोप्या आहेत. आरसीएच्या नलिकांवर प्रकाराचे नाव अष्टकोनात कोरलेले असते, तर जनरल इलेक्ट्रिकच्या नलिकांच्या काचेवर बारीक ठिपके दिसतात. अमेरिकी सैन्यासाठीच्या नलिकांवर ‘जेएएन’ या अक्षरांनंतर निर्मात्याचा संकेत येतो, जसे आरसीएसाठी ‘सीआरसी’ व सिल्व्हानियासाठी ‘सीएचएस’.

जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने नोव्हल नलिकांच्या तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच चौकटच्या आकाराची खूण साच्याने उठवलेली असे. छापील नाव पुसून नवे उमटवता येते. साच्यातून काचेत उठलेली खूण नंतर घालणे अतिशय अवघड असते. त्यामुळे ही खूण आजही टेलिफुंकनच्या ओळखीचा मुख्य आधार आहे. मात्र टेलिफुंकनने इतरांकडून विकत घेऊन आपल्या नावाने विकलेल्या नलिकांवर ती नसते. खूण नाही म्हणून नलिका बनावटच, असे म्हणता येत नाही. ती टेलिफुंकनच्या कारखान्यातील नाही एवढेच सिद्ध होते.

छाप एकाचा, निर्मिती दुसऱ्याची

मुलार्ड ही ब्रिटिश कंपनी १९२७ पासून फिलिप्सच्या मालकीची होती. जर्मनीतील वाल्वो आणि पुढे अमेरिकेतील अँपेरेक्स याही त्याच समूहात आल्या. एका देशातील कारखान्यात तयार झालेली नलिका दुसऱ्या देशातील भगिनी कंपनीच्या खोक्यातून विकली जाई. अँपेरेक्सच्या नावाखाली मिळणाऱ्या नलिकांपैकी अनेक हेर्लेन येथील आहेत. परस्परांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्याही एकमेकींकडून माल घेत. विवर्धक बनवणाऱ्या कंपन्या आपले नाव छापून घेत. अमेरिकेतील फिशर कंपनीच्या नावाने मिळणाऱ्या जुन्या नलिका बऱ्याचदा टेलिफुंकनच्या किंवा मुलार्डच्या निघतात. यात फसवणूक नव्हती. त्या काळी नलिका ही विजेच्या दिव्यासारखी बदलण्याची वस्तू होती आणि ती कोणत्या गावात तयार झाली याची चौकशी कोणी करत नसे.

भारतात बंगळूरू येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने १९६० च्या दशकापासून रेडिओ-नलिकांचे उत्पादन केले. तिच्या ईसीसी८३, ईएल८४ यांसारख्या नलिकांवर ‘बेल’ हा छाप असून नावे युरोपीय पद्धतीची आहेत. प्रसिद्ध परदेशी छापांचे वलय नसल्यामुळे त्या तुलनेने स्वस्त मिळत आल्या आहेत.

आज परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. मुलार्ड, टंग-सोल, गोल्ड लायन ही जुनी नावे कायदेशीररीत्या विकत घेतली गेली असून रशियातील सारातोव्ह येथे तयार होणाऱ्या नव्या नलिकांवर ती छापली जातात. या नलिका बनावट नाहीत, परंतु ब्लॅकबर्न येथील जुन्या नलिकांशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. स्लोव्हाकियातील जेजे इलेक्ट्रॉनिक व चीनमधील कारखाने हे आजचे इतर प्रमुख उत्पादक आहेत. जुन्या मालाच्या यादीत ‘मुलार्ड’ असे लिहिलेले असल्यास दोन ओळींचा संकेत पाहिल्याखेरीज त्या शब्दावरून काही ठरवता येत नाही.

खऱ्या अर्थाने बनावट असतो तो मूळ छाप पुसून महागड्या कंपनीचे नाव उमटवलेला माल. तो ओळखण्यासाठी आतील रचना पाहावी लागते. ॲनोडची लांबी, तो गुळगुळीत आहे की त्यावर आडव्या वळ्या आहेत, त्याचा रंग करडा आहे की काळा, अभ्रकाच्या चकत्यांचा आकार, आणि वरच्या बाजूच्या गेटरची चौकट गोल, चौकोनी की इंग्रजी ‘डी’ सारखी, या गोष्टी प्रत्येक कारखान्यात व काळात ठरलेल्या असत. मुलार्डच्या ईसीसी८३ मध्ये १९५० च्या दशकातील आवृत्तीचे ॲनोड लांब आहेत व पुढील काळात ते आखूड झाले. टेलिफुंकनच्या ईसीसी८३ चे ॲनोड बहुधा गुळगुळीत असतात. वळ्यांचा ॲनोड, तळाशी चौकटची खूण नाही, आणि काचेवर मात्र ताजे, ठळक ‘टेलिफुंकन’, असा मेळ दिसल्यास संशयाला पुरेसे कारण असते.

खुणा पुसलेली नलिका ओळखणे

दीर्घ वापराने किंवा हाताळणीने छाप नाहीसा झालेला असल्यास प्रथम पिना मोजाव्यात व काचेतून अग्रांची मांडणी पाहावी. दोन स्वतंत्र, शेजारी-शेजारी असलेले ॲनोड दिसल्यास ती जोडट्रायोड असण्याची शक्यता अधिक; एकच मोठा ॲनोड असल्यास पेंटोड. त्यानंतर हीटरच्या पिना बहुमापकाने शोधता येतात. ईसीसी८३ मध्ये हीटरचे दोन अर्ध ४ व ९ आणि ५ व ९ या पिनांमध्ये असतात; दोन्हींचा रोध जवळपास सारखा येतो. ईसीसी८८ मध्ये हीटर केवळ ४ व ५ मध्ये असून नववी पिन आतील पडद्याला जोडलेली असते, म्हणून तेथे काहीच वाचन मिळत नाही. हा फरक न पाहता ईसीसी८८ ही १२.६ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातली तर तिचा हीटर जळतो.

यापुढची पायरी हीटरचा प्रवाह मोजण्याची आहे. ६.३ व्होल्टला ईएल८४ सुमारे ७६० मिलिॲम्पिअर घेते, ईएल३४ सुमारे १.५ ॲम्पिअर, आणि ईसीसी८३ दोन्ही अर्ध समांतर जोडल्यास ३०० मिलिॲम्पिअर. ही पद्धत येथे थांबते, कारण ईसीसी८१, ईसीसी८२ व ईसीसी८३ या तिघींचा हीटर एकसारखाच आहे आणि पिनाही त्याच. त्यांतील भेद विवर्धन गुणांकातच कळतो. तो ईसीसी८३ चा १००, ईसीसी८१ चा सुमारे ६० आणि ईसीसी८२ चा २० च्या खाली असतो. ५७५१ ही अमेरिकी नलिका बाह्यतः ईसीसी८३ सारखीच असून तिचा गुणांक ७० आहे. खुणा नसलेल्या अशा नलिकेचे नाव मोजमापाशिवाय सांगणे हा केवळ अंदाज होय.

स्थितीची तपासणी

काचेच्या आतील चकचकीत रुपेरी डाग हा बेरियमचा थर असून तो उरलेला वायू शोषून घेण्याचे काम करतो. तो पांढरा झाला असल्यास आत हवा शिरली आहे व नलिका निरुपयोगी आहे. कडा तपकिरी व विरळ झालेल्या असल्यास बराच वापर झाला असावा, पण एवढ्यावरून निर्णय करू नये. चालू स्थितीत शक्तिनलिकेच्या काचेवर दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते; काचेवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ती येते. अग्रांच्या मधल्या पोकळीत जांभळट किंवा गुलाबी धुके दिसल्यास मात्र वायू आहे असे समजून उपकरण तात्काळ बंद करावे. मुलार्डच्या काही नलिकांचे हीटर वीज सुरू करताच क्षणभर लख्ख उजळतात. नवख्याला ते दृश्य भीतिदायक वाटते, पण त्यात दोष नसतो.

नलिका-परीक्षकांपैकी स्वस्त प्रकारचे परीक्षक सर्व ग्रिड ॲनोडला जोडून केवळ कॅथोडचे उत्सर्जन मोजतात. त्यांच्या तबकडीवर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा निकाल येतो. या निकालातून ग्रिडच्या नियंत्रणाविषयी काहीच कळत नाही, त्यामुळे जुळणीसाठी तो निरुपयोगी आहे. अमेरिकेच्या हिकॉक कंपनीचे परीक्षक व ब्रिटनच्या एव्हो कंपनीचे गुणधर्ममापक अन्योन्य संवाहकता मोजतात, म्हणजे ग्रिडवरील दाब एका व्होल्टने बदलल्यास ॲनोडचा प्रवाह किती मिलिॲम्पिअरने बदलतो ते सांगतात. नव्या ईएल३४ मध्ये ही किंमत सुमारे ११ असते.

जुळणी

शक्तिनलिकांच्या जुळणीची गरज पुश-पुल मंडलात सर्वाधिक असते. या मंडलात दोन नलिका निर्गम ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्धांना विरुद्ध दिशांनी प्रवाह पुरवतात. दोन्ही स्थिर प्रवाह समान असतील तर गाभ्यातील त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना छेद देतात. ते असमान असतील तर गाभा कायमचा एका बाजूस चुंबकित राहतो, खर्जातील सूर लवकर संपृक्त होऊन विकृत होतात, आणि पुश-पुल रचनेत आपोआप नाहीसे व्हावयाचे सम क्रमाचे स्वरकही उरतात.

१९५९ साली आलेला डायनाको कंपनीचा स्टीरिओ ७० हा विवर्धक या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. प्रत्येक वाहिनीला ३५ वॅट देणाऱ्या या उपकरणात वाहिनीमागे दोन ईएल३४ आहेत. दोघींचे कॅथोड एकाच १५.६ ओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेले असून बायससाठी वाहिनीमागे एकच नियंत्रक आहे. वापरणाऱ्याने रोधावर १.५६ व्होल्ट येईपर्यंत नियंत्रक फिरवावा, म्हणजे जोडीचा एकूण प्रवाह १०० मिलिॲम्पिअर होतो, अशी योजना आहे. मापक मात्र केवळ बेरीज दाखवतो. दोन्ही नलिका ५०-५० मिलिॲम्पिअर घेत असोत, की एक ६२ व दुसरी ३८ घेत असो, वाचन १.५६ व्होल्टच येते. नलिकांना मिळणारा दाब सुमारे ४१५ व्होल्ट धरल्यास ६२ मिलिॲम्पिअर घेणाऱ्या नलिकेत जवळपास २६ वॅट उष्णता निर्माण होते. त्यातील थोडा वाटा स्क्रीन ग्रिडचा म्हणून वजा केला तरी तिचा ॲनोड २५ वॅटच्या मर्यादेला जाऊन भिडतो. ती अकाली झिजते. क्वचित तिचा ॲनोड लाल होऊन वितळलेल्या नलिकेसोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. दुसरी नलिका त्याच वेळी निम्म्याच कामावर असते. नियंत्रक बरोबर लावला म्हणून सर्व ठीक आहे असा समज या मंडलात धोक्याचा ठरतो.

याउलट डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या, केटी६६ नलिका वापरणाऱ्या विवर्धकात एकूण प्रवाह व दोन्ही बाजूंचा समतोल यांसाठी स्वतंत्र नियंत्रक होते. आजच्या अनेक विवर्धकांत प्रत्येक नलिकेला स्वतःचा बायस नियंत्रक असतो. अशा ठिकाणी स्थिर प्रवाहाची जुळणी फारशी महत्त्वाची राहत नाही, कारण तो हाताने सारखा करता येतो. अन्योन्य संवाहकतेची जुळणी मात्र तेथेही हवी, कारण संकेत आल्यावर दोन्ही नलिकांनी सारखाच प्रतिसाद देणे कोणत्याही नियंत्रकाने साधत नाही.

जुळणीची प्रत्यक्ष कृती पुढीलप्रमाणे केली जाते. ॲनोड व स्क्रीनला ठरावीक दाब आणि ग्रिडला ठरावीक ऋण दाब देऊन नलिका दहा-पंधरा मिनिटे स्थिर होऊ देतात व प्रवाह नोंदवतात. मग ग्रिडचा दाब थोडा बदलून प्रवाह पुन्हा नोंदवतात. दोन वाचनांच्या फरकावरून संवाहकता मिळते. समजा ‘क’, ‘ख’ व ‘ग’ या तीन नलिका एका बायसवर प्रत्येकी ४० मिलिॲम्पिअर घेतात. बायस दोन व्होल्टने कमी केल्यावर ‘क’ व ‘ख’ ५६ पर्यंत जातात, पण ‘ग’ ५० वरच थांबते. एकाच बिंदूवर मोजणारा विक्रेता तिघींनाही जुळलेल्या म्हणेल. प्रत्यक्षात ‘क’ व ‘ख’ हीच जोडी आहे. दीर्घ काळ पडून राहिलेल्या नलिकांचे गुणधर्म पहिल्या काही तासांत सरकतात, म्हणून त्या आधी चालवून मगच मोजणे योग्य. व्यापारात प्रवाहातील ५ टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः स्वीकारार्ह मानतात.

मोजणीचा दाब हाही तितकाच महत्त्वाचा आहे. २५० व्होल्टला जुळलेली जोडी ४५० व्होल्टला जुळलेली राहीलच असे नाही. म्हणून ‘जुळलेली जोडी’ या शिक्क्याला, त्यासोबत ॲनोड, स्क्रीन व ग्रिड यांचे दाब आणि मिळालेला प्रवाह लिहिलेला नसेल तर, तांत्रिक अर्थ नसतो. परीक्षक उपलब्ध नसल्यास विवर्धकातच प्रत्येक कॅथोडच्या वाटेत १ ओहमचा रोध बसवता येतो. त्यावरील मिलिव्होल्टचा आकडा हाच मिलिॲम्पिअरचा आकडा असतो, आणि जोडी प्रत्यक्ष वापराच्या दाबावर तपासली जाते. हे मोजमाप चालू उपकरणात करावे लागते. विवर्धकातील ४०० व्होल्टचा दाब प्राणघातक आहे व वीज बंद केल्यावरही तो धारित्रांत टिकून राहतो. त्यामुळे अननुभवी व्यक्तीने हे काम जाणकाराच्या उपस्थितीतच करावे.

लघुसंकेत नलिका

पूर्वविवर्धकात जुळणीचे स्वरूप वेगळे असते. ईसीसी८३ साठी २५० व्होल्ट ॲनोड दाब व उणे २ व्होल्ट ग्रिड दाब या स्थितीत १.२ मिलिॲम्पिअर हे प्रमाण प्रवाहमान आहे. एकाच काचेतील दोन ट्रायोडांची तुलना त्याच स्थितीत करतात. दोन्ही अर्धांतील साम्य कलाविभाजक मंडलात महत्त्वाचे असते, कारण तेथे ते शक्तिनलिकांना समान व विरुद्ध संकेत पुरवतात. स्टीरिओ पूर्वविवर्धकात डाव्या व उजव्या वाहिन्यांची विवर्धनक्षमता सारखी असणे पुरेसे होते. रेकॉर्ड प्लेअरच्या पहिल्या टप्प्यात मात्र जुळणीपेक्षा खरखर व ध्वनिकंपनाची संवेदनशीलता यांना प्राधान्य द्यावे लागते. काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यास ध्वनिक्षेपकातून घंटेसारखा नाद येत असेल तर ती नलिका, मोजमाप कितीही उत्तम असो, त्या जागी उपयोगाची नाही. पुढच्या टप्प्यात ती बिनतक्रार चालते.

संगणक व दूरसंचार यंत्रांतून काढलेल्या जोडट्रायोडांबाबत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. हीटर चालू आणि ॲनोडचा प्रवाह मात्र जवळपास शून्य, अशा अवस्थेत नलिका हजारो तास राहिल्यास कॅथोडच्या निकेलवर आणि ऑक्साइडच्या लेपाखाली एक रोधक थर साचतो. संगणकांसाठी बनवलेल्या विशेष नलिकांत सिलिकॉनचे प्रमाण अत्यल्प असलेले निकेल वापरून हा दोष टाळला जाई. सामान्य नलिकेत तो निर्माण झाला असल्यास एका अर्धाची संवाहकता दुसऱ्याच्या मानाने लक्षणीय कमी भरते, जरी साध्या उत्सर्जन-परीक्षकावर दोन्ही अर्ध निर्दोष दिसत असले तरी.